तारवावर गेलेल्याचं पान

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पेडणे तालुक्यातल्या एका ताईंना मॉरिशसमधल्या साठीच्या एका गृहस्थांचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला. सोबत जुन्या नोंदीचा टाइप केलेला उतारा: साबाजी, बापाचं नाव विठू, वय 22, जात 'मऱ्हाटा', गाव 'पारनेम', जिल्हा 'सावंत वारी', मुंबईहून 1859 मध्ये आगमन. हे आपले खापरपणजोबा आणि ते तुमच्याच घरातले असावेत, असं त्या गृहस्थांचं म्हणणं. ताईंच्या वंशावळीत विठू आहे. त्याचा धाकटा मुलगा लाडू हा ताईंचा खापरपणजोबा. थोरल्याचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही, पण म्हाळाला एक पान वेगळं मांडतात आणि काकी त्याला 'तारवार गेल्ल्याचें पान' म्हणते. भाऊ म्हणतो, उत्तर देऊ नकोस, उद्या जमिनीत वाटा मागतील. काकी म्हणते, आपण मराठा नव्हे, मग हा आपला कसा? ताईंचा प्रश्न: उत्तर द्यावं का, खरं-खोटं कसं ठरवावं, आणि माणूस सापडलाच तर त्या पानाचं काय करायचं?

प्रिय ताई,

उत्तर द्या. या आठवड्यातच द्या, पण चार ओळींचं, आणि त्यात तुमच्या घरातलं एकही नाव लिहू नका.

ही सावधगिरी भावाच्या भीतीपोटी सांगत नाही. तुम्ही 'लाडू' हे नाव कळवलंत, की पुढच्या रविवारी तिकडच्या एखाद्या आजीला तेच नाव आठवू लागेल. ती खोटं बोलत नसते. ऐकलेलं आणि आठवलेलं दीडशे वर्षांच्या अंतरावरून वेगळं करता येत नाही, एवढंच. तुमच्याकडची आठवण आणि त्यांच्याकडची आठवण हे दोन साक्षीदार आहेत. साक्षीआधी त्यांची गाठ पडू देऊ नये. म्हणून उत्तर पाठवण्यापूर्वी एका वहीत घरात जे जे माहीत आहे ते लिहून काढा. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, त्या व्यक्तीनं स्वतः पाहिलं की ऐकलं, हेही लिहा. खाली तारीख घाला, पानांचे फोटो काढा आणि वही ठेवून द्या.

या कामात सगळ्यात मोलाची व्यक्ती काकी. त्यांना 'थोरल्याचं नाव काय होतं' असं विचारू नका. ते त्यांना आठवत नाही आणि उगाच अपराधी वाटतं. त्यांना विचारा, ते पान कुठल्या तिथीला मांडतात? लाडूच्या तिथीलाच बाजूला, सर्वपित्री अमावास्येला, की चतुर्दशीला? आपल्याकडे पितृपक्षातली चतुर्दशी अपघातानं किंवा शस्त्रानं गेलेल्यांची असते. ज्याची तिथीच ठाऊक नाही त्याचं अमावास्येला होतं. पान चतुर्दशीला मांडत असतील, तर तारू बुडालं अशी बातमी कधीतरी घरात आली होती, किंवा तशी समजूत करून घेतली होती. अमावास्येला असेल, तर तो गेला एवढंच माहीत होतं. आणि चुकून दशमी-एकादशीसारखी नेमकी तिथी निघाली, तर मृत्यूची बातमी तारखेसह घरापर्यंत पोचली होती, म्हणजे पत्रव्यवहार होता. मग जुन्या पेटीत, देव्हाऱ्याच्या फडताळात मोडीतला एखादा कागद आहे का, हे बघायलाच हवं. मोडी वाचता येत नाही म्हणून असे कागद 'कसले तरी हिशेब' समजून जाळलेली घरं थोडी नाहीत.

आता त्यांनी पाठवलेला उतारा. तो बनावट असेल असं मला वाटत नाही. मॉरिशसला करारावर गेलेल्या मजुरांच्या मूळ नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत आणि वंशजांना तिथून उतारे मिळतात. प्रत्येक मजुराला एक क्रमांक दिलेला असे. उताऱ्यात तो नसेल तर पहिल्यांदा तोच मागा, कारण नाव आणि गाव यांचं लेखन दर कागदावर बदलतं, क्रमांक सहसा बदलत नाही. शिवाय टाइप केलेल्या उताऱ्यावर थांबू नका. मूळ पानाचा, संपूर्ण पानाचा फोटो मागा: वरच्या-खालच्या माणसांच्या ओळींसकट, शेरा लिहिलेल्या रकान्यासकट.

संपूर्ण पान का, ते 'पारनेम'वरून कळेल. तुम्ही हा शब्द वाचलात आणि पेडणे समजलात, कारण पोर्तुगीज लेखनात पेडण्याचं 'पर्नेम' होतं. पण मुंबईच्या मजूरभरतीच्या डेपोत उभा असलेला, लिहिता-वाचता न येणारा तरुण 'पर्नेम' कशाला म्हणेल? तो 'पेडणें' म्हणाला असणार. साहेबी कानाला 'ड' हा 'र'सारखा ऐकू येतो हे खरं, तेव्हा 'पेडणें'चं 'पारनेम' होऊ शकतं. पण तसंच दुसरंही काही होऊ शकतं. तुमच्याच तालुक्यातलं पार्से पोर्तुगीज वळणानं 'पार्सेम' लिहितात, आणि जुन्या तिरप्या हस्ताक्षरात मधलं एक अक्षर चुकीचं लागलं की 'पार्सेम'चं 'पारनेम' व्हायला वेळ लागत नाही. आंबोलीजवळ पारपोली आहे, वेंगुर्ल्याकडे परुळे आहे. टाइप करणाऱ्यानं जे वाचलं तेच तुमच्यासमोर आलंय. त्याच कारकुनानं शेजारच्या ओळींत तीच अक्षरं कशी काढलीत, हे पाहिल्याशिवाय गाव ठरवू नका. शेजारच्या ओळी आणखी एका कारणासाठी हव्यात. माणसं बऱ्याचदा गाववाल्यांच्या सोबतीनं जात. साबाजीच्या आगेमागे त्याच जहाजावर मांद्रे, मोरजी, कोरगाव असं काही ओळखू येणारं निघालं, तर 'पारनेम'चा कल पेडण्याकडे झुकतो.

आणि 'सावंत वारी'? पेडणे 1788 पासून पोर्तुगिजांकडे. म्हणजे 1859 मध्ये हा माणूस पेडण्याचा असेल, तर कागदावर सावंतवाडी चुकीची ठरते. पण ही चूक समजण्यासारखी आहे. त्याच्या सत्तर वर्षं आधीपर्यंत हा मुलूख वाडीकरांचाच होता, सोयरिकी आणि बाजार त्याच बाजूला. 1844 च्या वाडीच्या बंडानंतर तिकडची माणसं गोव्याच्या हद्दीत आसऱ्याला आली होती. शिवाय मुंबईतल्या इंग्रज कारकुनाला पेडणे सांगून काय कळणार? सावंतवाडी त्याला ठाऊक होती. तरीही हे लक्षात ठेवा, की 'समजण्यासारखं आहे' म्हणजे 'सिद्ध झालं' नव्हे. वाडी संस्थानात विठूचा मुलगा साबाजी त्या काळी एकच होता, असं कोण म्हणेल?

काकींचा जातीचा मुद्दा मात्र मला फार वजनदार वाटत नाही. मुंबईहून गेलेल्यांच्या बाबतीत 'मऱ्हाटा' हा शब्द पुष्कळदा मराठी बोलणारा, त्या मुलखातला, एवढ्याच अर्थानं पडत असे. भंडारी, कुणबी, गाबीत, महार, सगळेच त्या एका शब्दात मावत. काहींनी जहाजावर चढताना जात मुद्दाम बदलूनही सांगितली. रकाना जुळला नाही म्हणून तो परका ठरत नाही, आणि जुळला असता म्हणून आपलाही ठरला नसता. काकींना हे सांगताना घाई करू नका. त्यांच्या बोलण्यात कदाचित दुसरीच धास्ती असेल: तो आपला निघाला आणि आपल्यापेक्षा वेगळ्या घरात संसार करून बसला असला तर? असा संसार केला असण्याची शक्यता बरीच आहे. तिथे पुरुषांच्या मानानं बायका फार कमी गेल्या होत्या, त्यामुळे जात-भाषा ओलांडून लग्नं झाली, आणि देवाब्राह्मणासमोर झालेली लग्नं सरकारदरबारी नोंदलीच गेली नाहीत. पुढच्या कागदांत मुलाच्या नावापुढे बापाचं नाव नसलं, तर त्याचा भलता अर्थ काढू नका.

पत्रात तुम्ही एक वाक्य सहज लिहिलंय: 'तो रागानं घर सोडून गेला आणि परत वळून पाहिलं नाही.' पहिला अर्धा भाग मी सोडून देतो. दुसऱ्याबद्दल थोडं सांगतो. 1858-59 ही मॉरिशसला जाणाऱ्यांच्या सर्वांत मोठ्या लोंढ्याची वर्षं. कोकणातून मुंबईला कामाला गेलेला माणूस तिथेच भरतीवाल्याच्या हाती लागणं नेहमीचं होतं, त्यामुळे तो घरातून निघाला तेव्हा मॉरिशसला निघाला होता असंही धरून चालू नका. सुरुवातीच्या करारांत महिन्याला 5 रुपये आणि शिधा मिळे, आणि परतीचा प्रवास फुकट असे. 1850 च्या दशकात तो फुकटचा परतीचा प्रवास बंद झाला. पाच रुपयांतून स्वतःचं तिकीट जमवायला किती वर्षं लागली असती याचा हिशेब भावाला करायला सांगा. काही परतलेही. नोंदवहीतल्या शेऱ्यात परत गेला, मेला, असं लिहिलेलं असू शकतं. शेरा वाचायला सांगितला तो यासाठीही.

आडनावाच्या मागे तर अजिबात लागू नका. त्या वह्यांत स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच असे. पुढे तिथल्या नोंदणीत आजोबाचं किंवा बापाचं नाव आडनाव होऊन बसलं. त्या गृहस्थांचं आडनाव 'साबाजी'सारखं काही असेल तर नवल नाही, आणि तुमच्या आडनावाशी ते जुळण्याची अपेक्षाच चूक आहे.

त्यांच्याकडून हव्यात त्या नागरी नोंदी, आणि त्या उलट्या क्रमानं: त्यांच्या स्वतःच्या जन्मापासून मागे, एकेक पिढी, जन्म आणि विवाह, शेवटी साबाजीचा मृत्यू. पोर्ट लुईच्या नागरी नोंदणी कार्यालयात त्या मिळतात, लेखन बहुतेक फ्रेंच वळणाचं. साखळीतला एकही दुवा 'आजी सांगायची' असा असेल, तर तो दुवा लाल शाईनं लिहा. साबाजी 1867 नंतर जिवंत असेल तर आणखी एक आशा आहे: त्या वर्षीच्या कायद्यानं करार संपलेल्या जुन्या मजुरांना फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगणं सक्तीचं झालं. म्हणजे तुमच्या घरात ज्याचं नावही उरलं नाही, त्याचा चेहरा तिकडे असू शकतो. तो फोटो पाहून 'अगदी बाबांसारखा' म्हणायचा मोह होईल. म्हणा, पण वहीत लिहू नका.

कागदाखेरीज त्यांना एक गोष्ट विचारा: घरात गाऱ्हाणं (देवांची नावं घेऊन मोठ्यानं केलेली प्रार्थना) घालतात का, आणि त्यात कुणाकुणाची नावं घेतात? मॉरिशसच्या मराठी माणसांनी गणपती आणि कोकणातली जाखडी (तिकडे ती 'झाकरी') जपली आहे, तशी काही घरांनी देवांची नावंही जपली असतील. ते गाऱ्हाणं रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. त्यात सातेरी, रवळनाथ आले तर हुरळू नका. पेडण्यापासून सत्तरीपर्यंत आणि वाडीतही गावोगाव तेच देव. पण तुमच्या घराचा एखादा आडवाटेचा राखणदार, एखाद्या वडाच्या किंवा कोंडीच्या नावाचा, जो शेजारच्या वाड्यावरही कुणी घेत नाही, तो त्यांच्या तोंडून आपसूक आला, तर ते दहा दाखल्यांपेक्षा भारी. आता कळलं ना, वही आधी का लिहायची?

आपल्या बाजूचे कागद कमी आहेत, हे आधीच सांगून टाकतो. बाप्तिस्म्याच्या वह्यांमुळे काही ख्रिस्ती घरांना तीन-चार शतकं मागे जाता येतं. आपल्याला ती सोय नाही. गोव्यात सर्वांसाठी नागरी नोंदणी 1914 पासून. तेव्हा पेडण्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे साबाजी शोधू नका, लाडू शोधा. तो 1840 च्या सुमाराचा असेल आणि म्हातारा होऊन 1914 नंतर गेला असेल, तर त्याच्या मृत्युनोंदीत बापाचं नाव मिळण्याची आशा आहे. नसेल तर त्याच्या मुलाची, म्हणजे तुमच्या पणजोबांची मृत्युनोंद काढा. तिथे निदान लाडू कागदावर येईल. वह्या पोर्तुगीजमध्ये आहेत आणि सूची पुष्कळदा पहिल्या नावावर लावलेली असते, आडनावावर नव्हे. 'श' असेल तिथे 'एक्स' अक्षर, 'क'साठी 'सी' किंवा 'क्यू', नाईकचं 'Naique'सारखं, 'साबाजी'तल्या 'जी'साठी बऱ्याचदा 'J'ऐवजी 'G' हे अक्षर: ही रूपं आधी कागदावर लिहून न्या. नाहीतर खिडकीवर 'नाव नाही' ऐकून परत याल. पोर्तुगीज पाशपोर्तासाठी जन्मनोंदी काढायला येणाऱ्यांची तिथे सवय आहे, त्यामुळे तुम्हाला काय हवंय ते त्यांना समजेल. एजंट मात्र टाळा. त्याला दाखला मिळण्याशी मतलब असतो, बरोबर माणसाचा मिळण्याशी नसतो.

त्याआधीच्या काळासाठी देवळाकडे वळा. देवस्थानांच्या माझानियांचा (देवळाचा कारभार पाहणाऱ्या महाजनांच्या, म्हणजे हक्कदार घराण्यांच्या, मंडळांचा) कायदा 1886 चा, त्यानंतर महाजनांच्या याद्या तयार झाल्या. तुमचं घराणं महाजन असेल तर देवस्थानच्या कमिटीकडे किंवा मामलेदार कचेरीत ती यादी पाहता येईल. नसेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या. घरातलं कुणी एकजण जरी कधी काशी-त्र्यंबक करून आलं असेल, तर त्यानं तिथे भावंडांची नावं सांगितलेली असतात, गेलेल्यांचीही. विचारताना आजचं आडनाव आणि तालुका सांगून भागत नाही. मूळ गाव सांगा, कारण वह्या गावावर लावलेल्या असतात. पणजीचं पुराभिलेखागार आणि पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयातलं जुनं सरकारी राजपत्र शेवटी ठेवा. तिथे नाव सापडेल ते घरात वाटणीचा 'इन्व्हेंतार' (वारसांत मालमत्ता वाटण्याची कारवाई) कोर्टात झाला असेल तरच. मग ठावठिकाणा नसलेल्या वारसाला बोलावणारी जाहिरात राजपत्रात निघत असे.

डीएनए चाचणीचा विचार मनात आलाच असेल. नातं खरं असलं तर तुम्ही आणि ते गृहस्थ चौथ्या पातळीची चुलत भावंडं. एवढ्या लांबच्या नात्यात पुष्कळदा ओळखण्याजोगा एकही तुकडा जुळत नाही. उलट पिढ्यानपिढ्या एकाच पट्ट्यात सोयरिकी झालेल्या समाजात परक्यांचेही जुळतात. फक्त बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची तुलना उपयोगी, आणि त्यासाठी तिकडची साखळी अखंड मुलग्यांची हवी. इथून तुमची नव्हे, भावाची लाळ लागेल. तो सध्या द्यायचा नाही.

तर भावाबद्दल. त्याची भीती हसण्यावारी नेऊ नका, पण त्याला एक प्रश्न विचारा: ही जमीन आपल्या नावावर कशी आली? पेडण्यात बरीच घरं भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात मुंडकार म्हणून, म्हणजे त्याच्या जागेत घर बांधून, राहिली आणि शेतं कुळ म्हणून कसली. जमीन 1964 च्या कूळ कायद्यानं आणि 1976 च्या दुरुस्तीनं मिळालेली असेल, घर 1975 च्या मुंडकार कायद्यानं, तर ते विठूचं नव्हतंच. त्यात साबाजीचा वाटा येणार कुठून? जमीन खरोखर वडिलोपार्जित असली तरी, नातं पटणं वेगळं आणि कोर्टात वारस ठरणं वेगळं. दीडशे वर्षांच्या अखंड ताब्यापुढे असा दावा कितपत टिकेल, हे भावाला गोव्याच्या वारसा कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाकडून एकदा ऐकू द्या. ते तुमच्याकडून ऐकून तो शांत होणार नाही.

त्यांना काय हवं असेल याचा अंदाजही जरा मोकळा ठेवा. 2025 च्या मार्चमध्ये मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्डाची (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाची) सोय जाहीर झाली. त्यासाठी तिकडे कागदांची शोधाशोध होते, जशी आपल्याकडे लिस्बनसाठी होते, आणि कागद हाती आला की गाव बघावंसं वाटतं. तरीही खात्री होईपर्यंत कशावरही सही नको: स्टॅम्प पेपरवर वंशावळ नाही, प्रतिज्ञापत्र नाही, 'हे आमच्या घराण्यातले' असं पंचायतीच्या कागदावर नाही. पैशांचा विषय कुठल्याही बाजूनं निघाला, तर तिथेच थांबा.

पहिलं उत्तर साध्या मराठीत लिहा, खाली इंग्रजीतही. तिकडे शाळांत मराठी शिकवतात. त्यांना नाही तर त्यांच्या नातीला वाचता येईल. असं काही: 'आपला निरोप मिळाला. आमच्या घरातूनही त्या सुमारास एकजण समुद्रापार गेल्याचं ऐकिवात आहे, पण तो आपलाच पूर्वज का हे आत्ता सांगता येत नाही. आपण मूळ पानाचा फोटो, क्रमांक, जहाजाचं नाव आणि पूर्वजांच्या नोंदी पाठवाल का? घरात घालता ते गाऱ्हाणंही ऐकायला आवडेल. आम्ही इकडे शोध घेऊन कळवतो.'

राहिलं पान. ते आहे तसं मांडत राहा. शोध कुठेच पोचला नाही तरी त्यात बदलण्यासारखं काही नाही. पोचला, आणि साबाजीची मृत्युनोंद हाती आली, तर तीवरची इंग्रजी तारीख पंचांगावरून तिथीत बदलून घ्या. म्हाळाला महिना लागत नाही, तिथीच लागते. फ्रेंच वळणाच्या नोंदीत अनेकदा मृत्यूची वेळही असते. मॉरिशसचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि तिथी नेमकी त्या दीड तासात बदलत असेल तर कुठली धरायची, हे भटजींना विचारा. नाव सांगताना त्यांना 'साबाजी विठू' एवढंच सांगा.